तीच, की तशीच?

एखाद्या संस्थेचा मेल सर्व्हर वर्षानुवर्षे अखंड चालला, त्या अवधीत त्याच्या डिस्क एकामागून एक निकामी होऊन बदलल्या गेल्या, मदरबोर्ड बदलला, पॉवर सप्लाय बदलला, आज्ञावलीच्या आवृत्त्या कितीदा तरी बदलल्या, आणि इतके होऊनही अगदी पहिल्या वर्षी आलेले पत्र आज जसेच्या तसे उघडते; तर मग आरंभी जो सर्व्हर होता तोच हा आहे, की त्याच्या जागी येऊन बसलेला त्याच्यासारखा दुसरा, असा प्रश्न कोणी उपस्थित केला तर व्यवहारी मनुष्य त्याची संभावना रिकाम्या डोक्याचा उद्योग म्हणून करील. मला तो प्रश्न तसा वाटत नाही. जुने पत्र उघडून त्यातील मजकुरावर निर्धास्तपणे बोट ठेवणारा तो व्यवहारी मनुष्यही, हे मला आले तेच पत्र आहे, मागाहून कोणी रचलेले नाही, या श्रद्धेवरच उभा असतो. आणि त्या श्रद्धेला आधार कोणता याची चौकशी करू गेले तर असे निष्पन्न होते की, ज्या पेटीत ते पत्र इतकी वर्षे राहिले तिच्यातील एकही भाग मूळचा उरलेला नाही. आपल्या देहाविषयी, जीर्णोद्धार झालेल्या देवळाविषयी, पिढ्यान्‌पिढ्या नकला होत हाती आलेल्या ग्रंथाविषयी हाच प्रश्न तत्त्वचिंतकांनी पूर्वापार विचारला आहे. देहातील पालट मात्र डोळ्यांआड होतो, आणि सर्व्हरमधील पालट एका ठरावीक दिवशी, स्क्रू-ड्रायव्हर हाती घेतलेल्या माणसाच्या देखत होतो; म्हणून या प्रश्नाचा विचार सर्व्हरच्या निमित्ताने केला तर तो अधिक स्वच्छ होईल असे मला वाटते.

प्रथम घडते काय ते नीट पाहू. मिरर पद्धतीच्या मांडणीत दोन डिस्क असतात आणि येणारे प्रत्येक पत्र दोहोंवर लिहिले जाते. लिनक्समध्ये या जोडीला, म्हणजे अ‍ॅरेला, वरून एकच नाव असते, आणि टपाल स्वीकारणारी पोस्टफिक्ससारखी आज्ञावली त्या एका नावाशीच व्यवहार करते. खाली दोन डिस्क आहेत की एक, याची तिला वार्ताही नसते. अशा जोडीतील एक डिस्क एखाद्या रात्री उत्तर देईनाशी होते. प्रणाली काही काळ तिची मनधरणी करते, मग तिला सदोष ठरवून जोडीतून वगळते, आणि अ‍ॅरेची अवस्था दाखवणाऱ्या फायलीत, जेथे आदल्या दिवसापर्यंत चौकोनी कंसात दोन 'यू' शेजारी शेजारी होते, तेथे एका 'यू'च्या जागी नुसती आडवी रेघ येते. या कामातली माणसे म्हणतात, अ‍ॅरे डिग्रेड झाला. बाहेरच्या जगात मात्र काहीही घडत नाही. रजेचे अर्ज, बिले, परगावी गेलेल्या मुलांची पत्रे पूर्ववत येत-जात राहतात, आणि ज्यांची ती पत्रे आहेत त्यांपैकी कोणालाही कळत नाही की काल जे दोन ठिकाणी सुरक्षित होते ते आज एकाच फिरत्या तबकडीच्या भरवशावर आहे.

मग डिस्क बदलण्याचे काम येते. त्यात पहिला धोका यंत्राचा नसून माणसाचा असतो, कारण दोन्ही डिस्क दिसायला सारख्याच असतात, आणि निकामी समजून जिवंत डिस्क ओढून काढली गेली तर उरलेसुरले सारेच थांबते. म्हणून जाणता अ‍ॅडमिन सदोष डिस्कचा सिरियल नंबर आधी प्रणालीकडून मिळवतो, कागदावर उतरवतो, आणि डिस्कवरच्या चिकटपट्टीवर छापलेल्या नंबराशी त्याची अक्षरन्‌अक्षर रुजवात घालतो. मगच हात पुढे करतो. नव्या डिस्कवर विभागांची आखणी सोबतिणीवरून उतरवून घेतली जाते, ती जोडीत दाखल होते आणि पुनर्लेखन, म्हणजे रिबिल्ड, सुरू होते. चार टेराबाइटची डिस्क सेकंदाला सरासरी 150 मेगाबाइट या गतीने भरू लागली तर साडेसात तासांच्या आसपास लागतात, आणि टपालाचा राबता चालू असला तर त्याहून कितीतरी अधिक. या अवधीत जिवंत डिस्क पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत वाचली जाते. ज्या कोपऱ्यांकडे वर्षानुवर्षे कोणी फिरकले नव्हते तेथील दोषही याच वेळी, म्हणजे नेमके दुसरी प्रत हाती नसताना, उघडकीस येतात. डेबियन प्रणालीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सर्व डिस्क आपण होऊन पडताळून पाहण्याचा जो रिवाज घालून दिला आहे तो एवढ्याचसाठी. शिवाय यंत्र सुरू करणारा जो छोटासा बूटलोडर डिस्कच्या आरंभी असतो तो या पुनर्लेखनात पुष्कळदा येत नाही, तो वेगळा बसवावा लागतो. तो बसवायचा राहिला तर दोन 'यू' पुन्हा उमटलेले दिसतात, पण जुनी सोबतीण गेल्यावर नवी डिस्क एकटीने उठू शकत नाही.

आता प्रश्नाकडे वळू. आपल्याकडे अशा प्रसंगी पहिले स्मरण होते ते गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील जीर्ण वस्त्रांच्या दृष्टान्ताचे: डिस्क म्हणजे वस्त्र, मजकूर म्हणजे देही, वस्त्र टाकले तरी देही तोच. दृष्टान्त हाताशी असल्यामुळे तो चटकन लागू केला जातो. पण येथे तो लागू पडत नाही असे माझे स्पष्ट मत आहे. गीतेतील देही शस्त्राने तुटत नाही आणि अग्नीने जळत नाही, म्हणून वस्त्राची चिंता करण्याचे त्याला कारण नाही. पत्रातील मजकूर मात्र तुटतो, जळतो, आणि दोन्ही डिस्क एका रात्री गेल्या तर त्याच्यासाठी कोणताही लोक शिल्लक राहत नाही. दुसरी गोष्ट अशी की, देहांतरात जुन्या देहातून नव्या देहात जाणारे काहीतरी मानलेले असते. पुरीला जगन्नाथाचा नवकलेवर विधी होतो, ज्या वर्षी अधिक आषाढ येतो अशा वर्षी, अलीकडे 1996 आणि 2015 साली, कडुनिंबाच्या नव्या काष्ठाच्या मूर्ती घडवल्या जातात आणि जुन्या मूर्तींतील ब्रह्मपदार्थ रात्रीच्या अंधारात, डोळे बांधलेल्या आणि हात वस्त्राने गुंडाळलेल्या सेवकाकडून नव्या मूर्तींत ठेवला जातो. जुन्या मूर्तींना मग कोइली वैकुंठात समाधी दिली जाते. तेथे नव्या मूर्तीचे देवत्व जुन्या मूर्तीतून आलेले आहे. डिस्कच्या बाबतीत मृत डिस्क नव्या डिस्कला काहीही देत नाही, देऊ शकत नाही. नवीला जे मिळते ते सगळे जिवंत राहिलेल्या सोबतिणीकडून मिळते. मृताचा वारसा मृताच्या हातून येत नाही, तो त्याच्यासमवेत जगलेल्याच्या हातून येतो, ही गोष्ट देहांतराच्या कल्पनेत कोठेच बसत नाही.

ती बसते ती 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथातील संवादात. यवन राजा मिलिंद, म्हणजे इतिहासाला ज्ञात असलेला मिनँडर, सागल नगरीत नागसेन भिक्षूला विचारतो की, एका जन्मातून दुसऱ्यात संक्रमण करणारे काही नसताना पुनर्जन्म कसा संभवतो. तेव्हा नागसेन एका दिव्यावर दुसरा दिवा लावण्याचे उदाहरण देतो, आणि राजाचे समाधान पूर्ण व्हावे म्हणून पुढे विचारतो की, तू बालपणी आचार्याकडून एखादा श्लोक शिकलास तेव्हा तो श्लोक आचार्याला सोडून तुझ्याकडे आला काय. या दोन उदाहरणांपैकी दिवा सर्वांच्या लक्षात राहिला आणि श्लोक मागे पडला; माझ्या मते श्लोकाचे उदाहरण श्रेष्ठ आहे, कारण शिष्याला श्लोक आला तरी आचार्याचा श्लोक कमी होत नाही, आणि उद्या आचार्य गेला तर शिष्याला आलेला श्लोक हा आता नुसती नक्कल राहत नाही, तोच श्लोक होऊन बसतो. जोडीतील दोन डिस्कांमध्ये मूळ कोणती आणि नक्कल कोणती हे विचारण्यात अर्थ नसतो. रिबिल्ड चालू असेपर्यंत एक देणारी आणि दुसरी घेणारी असते. ते पुरे झाले की हा भेद लोपतो, आणि काही वर्षांनी देणारी डिस्क निकामी झाली म्हणजे घेतलेली डिस्क तिसरीला देऊ लागते.

श्लोक शिकण्याच्या या कलेत भारताने जी पराकाष्ठा केली तिच्याकडे या दृष्टीने पाहिले तर आश्चर्य वाटते. वेदमंत्र केवळ पाठ करून वैदिक थांबले नाहीत. संहितेची पदे सुटी करून पदपाठ झाला, ऋग्वेदाच्या पदपाठाचे श्रेय शाकल्याला दिले जाते. मग पहिले-दुसरे, दुसरे-तिसरे, तिसरे-चौथे अशा जोड्यांचा क्रमपाठ झाला. मग पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पहिले-दुसरे असा उलटसुलट जाणारा जटापाठ. आणि शेवटी एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन अशा रीतीने विणत जाणारा घनपाठ, ज्याला तो येतो तो घनपाठी. अर्थाच्या दृष्टीने या पाठांत एका अक्षराचीही भर नाही. प्रत्येक पद आपल्या शेजाऱ्यांशी इतक्या परींनी बांधले गेले की, एखादे विसरले किंवा बिघडले तर शेजारची पदेच त्याची साक्ष देतात. डिस्कांच्या शास्त्रात हेच तत्त्व पॅरिटी या नावाने येते. 1988 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतील पॅटर्सन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी, एका महाग डिस्कऐवजी पुष्कळ स्वस्त डिस्क एकत्र जुंपाव्यात आणि त्यांतील एखादी गेली तरी काम चालावे, अशी जी व्यवस्था मांडली आणि जिला रेड हे नाव मिळाले, तिच्या काही प्रकारांत संपूर्ण दुसरी प्रत ठेवलीच जात नाही. तीन डिस्कांवर अनुक्रमे एक, शून्य, एक असे अंक असतील तर चौथीवर शून्य लिहितात, म्हणजे चारही मिळून एकांची संख्या सम राहते. आता मधली डिस्क नष्ट झाली तर उरलेल्या एक, एक आणि शून्य यांत एकांची संख्या आधीच सम आहे, म्हणून हरवलेला अंक शून्यच असला पाहिजे. ते शून्य दुसरीकडे कोठेही लिहून ठेवलेले नव्हते, उरलेल्यांच्या परस्परसंबंधात मात्र होते, आणि तेथून ते अचूक परत मिळते. वस्तू तिच्या स्वतःच्या ठिकाणी असते तितकीच ती इतरांशी असलेल्या तिच्या नात्यातही असते, असे म्हणण्याचे धाडस एरवी मी केले नसते. येथे ते गणिताने सिद्ध होते. घनपाठाची ही बळकट व्यवस्था समाजातील बहुसंख्यांना, सर्व स्त्रियांना आणि शूद्र म्हणवलेल्या साऱ्यांना, अधिकार नाकारून थोड्याच कंठांपुरती राखून ठेवली गेली, आणि तिचा विस्तार आपल्याच हाताने तोडला गेला, याचे दुःख मला हा इतिहास वाचताना प्रत्येक वेळी होते.

परंतु प्रती अनेक असल्या म्हणजे सत्य सुरक्षित झाले, असे मात्र नाही. मिररमधील दोन डिस्कांची पडताळणी करताना एका ठिकाणी दोहोंवर भिन्न मजकूर आढळला, तर साधी प्रणाली भेद किती आहेत तेवढे मोजू शकते, त्यांतील खरा कोणता हे तिला सांगता येत नाही. दुरुस्ती करा म्हटले तर ती एका डिस्कवरचा मजकूर दुसरीवर उतरवते, आणि पहिलीच चुकीची असेल तर चूक दोन्हीकडे कायम होते. प्रत्येक तुकड्यासोबत त्याची खूण, म्हणजे चेकसम, ठेवणाऱ्या झेडएफएससारख्या पद्धतीत हा निवाडा होऊ शकतो, कारण तेथे प्रतींखेरीज तिसरा साक्षीदार असतो. आणि कोणी आपल्या हाताने पत्र पुसले तर दोन्ही डिस्क ते तितक्याच निष्ठेने पुसतात. म्हणूनच मिरर आहे एवढ्यावर बॅकअप न ठेवणारा मनुष्य मोठ्या भ्रमात असतो. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली तेव्हा त्यांच्यापुढे नेमकी हीच अडचण होती. ज्ञानेश्वरीच्या प्रती थोड्या नव्हत्या, लोक आवडीने ती वाचत आणि उतरवून घेत होते. पण प्रत्येक उतरवणाऱ्याने काहीतरी गाळले होते, काहीतरी आपल्या पदरचे घातले होते, आणि प्रतींची संख्या वाढली तसतसे पाठभेद वाढले होते. तेथे निवाडा करण्यास ज्ञानेश्वरांच्या भाषेत मुरलेला, अर्थाशी एकरूप झालेला, आणि स्वतः कवी असूनही स्वतःला बाजूस ठेवू शकणारा माणूस लागला. आणि या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये असा निर्वाणीचा इशाराही त्याला देऊन ठेवावा लागला. ओव्यांवर ओव्या रचण्याची शक्ती अंगी असलेल्या पुरुषाने दुसऱ्याचा मजकूर जसाच्या तसा राखण्यात आपले सामर्थ्य खर्च करावे, हा नाथांच्या चरित्रातील मला अतिशय पूज्य वाटणारा भाग आहे.

तर मग 'तीच' म्हणण्याचा आधार कोणता? नैयायिकांना विचारले तर ते कठोर उत्तर देतील. त्यांच्या मते अवयवी हा अवयवांहून निराळा पदार्थ आहे खरा, पण वस्त्रातील एक धागा निघाला तरी जुने वस्त्र नष्ट होऊन खंडपट नावाचे नवे वस्त्र उत्पन्न होते; त्या हिशेबाने डिस्क निकामी झाली त्या क्षणीच जुनी पेटी संपली. बौद्ध म्हणतील, कापल्यावर पुन्हा वाढलेल्या केसांना आपण तेच केस म्हणतो तसा हा सादृश्याने होणारा भ्रम आहे. दोघांचीही उत्तरे निर्दोष आहेत आणि दोन्हींनी माझे समाधान होत नाही, कारण दोघेही पेटीकडे पाहतात आणि पेटीवर विसंबून असलेल्या माणसाकडे पाहत नाहीत.

ग्रीक परंपरेतला प्रश्न येथे अधिक उपयोगी पडतो. थीसिअसचे जहाज अथेन्सच्या लोकांनी कुजलेली फळी काढून नवी बसवत पिढ्यान्‌पिढ्या राखले असे प्लुटार्क सांगतो. आणि 1655 साली हॉब्जने त्यात भर घातली ती अशी की, काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवून त्यांचे पुन्हा तसेच जहाज बांधले, तर दोहोंपैकी थीसिअसचे जहाज कोणते. तत्त्वज्ञांना हे कल्पनेचे कोडे वाटते; सर्व्हर सांभाळणाऱ्यांपुढे ते प्रत्यक्ष उभे राहते. समजा, एक डिस्क काही कारणाने जोडीतून बाहेर पडली, ती मेलेली नव्हती, आणि सहा महिन्यांनी कोणी ती पुन्हा जोडली. तिच्यावर त्याच अ‍ॅरेची ओळखखूण आहे, तिच्यावरचे सारे साहित्य मूळचे आहे, किंबहुना नव्याने बसवलेल्या डिस्कपेक्षा मूळ सर्व्हरशी तिचे नाते अधिक जुने आहे. लिनक्सची प्रणाली तरीही तिला जोडीत घेत नाही. प्रत्येक डिस्कच्या माथ्याशी एक आकडा लिहिलेला असतो, अ‍ॅरेच्या प्रत्येक महत्त्वाच्या स्थित्यंतराबरोबर तो वाढतो, आणि जिचा आकडा मागे राहिला आहे तिला शिळी समजून बाहेर ठेवले जाते. द्रव्य मूळचे आहे की नाही, रूप सारखे आहे की नाही, यांपैकी काहीही विचारले जात नाही. मधल्या काळात जे जे घडले त्या सर्वांत ही हजर होती काय, एवढेच विचारले जाते. आणि दोन्ही डिस्क निरनिराळ्या यंत्रांवर स्वतंत्रपणे चालवल्या गेल्या तर दोहोंचे आकडे वाढत जातात आणि त्या आकड्यावरूनही निकाल लागत नाही. तेव्हा शेवटी माणसालाच पाहावे लागते की, या काळात लोकांची पत्रे कोणत्या यंत्राने स्वीकारली, लोक कोणाच्या दाराशी येत राहिले.

भारतीय कायद्यानेही हा प्रश्न आपल्या परीने सोडवून टाकला आहे, आणि तो ज्या शांतपणे सोडवला आहे त्याचे मला कौतुक वाटते. 2000 साली पुरावा अधिनियमात घातलेल्या 65-ब या कलमाने, आणि त्याची जागा आता घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 63 व्या कलमाने, असे ठरवून दिले आहे की, एखाद्या व्यवहाराची माहिती नियमितपणे साठवण्याचे काम एकामागून एक निरनिराळ्या संगणकांनी केले असले तरी पुराव्यापुरते ते सर्व मिळून एकच संगणक समजावेत. मिलिंद राजाला जे पटवण्यास नागसेनाला दृष्टान्तांवर दृष्टान्त द्यावे लागले ते येथे एका उपकलमात आले आहे. एकत्व द्रव्यात न शोधता अखंड चाललेल्या कामात शोधले पाहिजे, हे विधिमंडळाने तत्त्वज्ञानाच्या भानगडीत न पडता ओळखले.

परंतु नुसते काम अखंड चालणेही पुरेसे नाही असे मला वाटते; ते काम कोणाच्या तरी वतीने, कोणाचे तरी देणे म्हणून चाललेले असावे लागते. टपालाच्या देवघेवीचे जे नियम 1982 साली जॉन पोस्टेल यांनी लिहिले आणि 2008 च्या सुधारित रूपात आजही पाळले जातात, त्यांत पत्राचा मजकूर संपल्यावर घेणारा सर्व्हर पाठवणाऱ्याला 250 हा आकडा कळवतो. त्याचा अर्थ एवढाच नाही की पत्र पोचले. सुधारित नियमांत स्पष्ट म्हटले आहे की, हा आकडा उच्चारला त्या क्षणापासून पत्राची जबाबदारी घेणाऱ्याची झाली, ते पुढे पोचवावे किंवा पोचवता आले नाही असे पाठवणाऱ्याला कळवावे, आणि यंत्र मागाहून बंद पडले अशा क्षुल्लक सबबीवर ते हरवू नये. म्हणूनच पोस्टफिक्स पत्र डिस्कवर खरोखर उतरले याची खातरजमा झाल्याखेरीज तो आकडा देत नाही. आणि आकडा मिळताच पाठवणारा आपल्याकडची प्रत पुसून टाकतो, कारण आता त्याचा भार उतरला. आपल्या परंपरेत मनुष्य ऋण घेऊनच जन्मास येतो असे शतपथ ब्राह्मण सांगते, आणि त्यांतले ऋषींचे ऋण अध्ययनाने, म्हणजे मिळालेला शब्द जिवंत ठेवण्याने फिटते. दहा वर्षांपूर्वी ज्या डिस्कवर 250 म्हणून पत्र उतरवून घेतले ती डिस्क आज नाही, ती बसवणारा मनुष्यही कदाचित नोकरी सोडून गेला असेल. परंतु ते वचन अजून लागू आहे, आणि ज्या कोणत्या यंत्राने आणि ज्या कोणत्या माणसाने ते आज आपले म्हणून अंगावर घेतले आहे ते यंत्र आणि तो माणूस आरंभीच्याच सर्व्हरची गादी चालवत आहेत. ऋण तेच असेल तर ऋणको तोच. जीर्णोद्धार झालेल्या देवळाला, भिंतींचा दगडन्‌दगड बदललेला असतानाही, आपण जुनेच देऊळ म्हणतो ते या अर्थाने बरोबर आहे, आणि मूळचे दगड जेथल्या तेथे असूनही ज्याच्या पूजेची जबाबदारी कोणीच घेत नाही त्या देवळाला तेच देऊळ म्हणताना आपली जीभ अडखळते तीही याचमुळे.

या विचाराला एक दुसरी बाजू आहे आणि तिच्याकडे फार दुर्लक्ष होते. निकामी म्हणून काढलेली डिस्क क्वचितच पूर्णपणे निकामी असते. काही भाग वाचता येत नाहीत म्हणून प्रणालीने तिला वगळले, एवढेच. उरलेल्या भागावर लोकांची पत्रे, वैद्यकीय अहवाल, पगाराचे आकडे, घरगुती भांडणे आणि समेट, सारे वाचण्याजोगे असते, आणि ज्या वचनाने ते राखण्याचे ऋण अंगावर आले त्याच वचनाने ते परक्याच्या दृष्टीस न पडू देण्याचेही आले. पुष्कळ ठिकाणी ही डिस्क हमीच्या मुदतीत बदलून मिळावी म्हणून तशीच कंपनीकडे धाडली जाते, किंवा कपाटाच्या तळाशी पडून राहते आणि पुढे भंगारात जाते. ज्यांच्या हाती अशी कोठी सोपवली आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, डिस्कवरील मजकूर आरंभापासून कूटबद्ध केलेला नसेल तर नव्या डिस्कची किंमत सोसावी, पण जुनी बाहेर जाऊ देऊ नये. रिबिल्ड पुरे होऊन बूटलोडर बसेपर्यंत आणि नवा बॅकअप पडताळून होईपर्यंत तिला कुलुपात ठेवावे, मग तिच्या तबकड्या फोडून टाकाव्यात, आणि सिरियल नंबर व तारीख घालून तशी नोंद सर्व्हरच्या वहीत करावी.